सगुणा सात

उत्तर जाऊन बसलं होतं. उज्वलानं पत्र उघडलं तेव्हा त्याच्याखाली करड्या बारीक अक्षरांत 'उत्तर पाठवले, ६.१२' असं दिसत होतं. म्हणजे ती अंथरुणातून उठायच्या आधीच तिच्या वतीनं यंत्र बोलून मोकळं झालं होतं. रविवारची सकाळ, हातात चहाचा कप, खिडकीबाहेर लवासाचं तळं धुक्यात बुडालेलं, आणि पडद्यावर पाच ओळी. 'नमस्कार. माझ्याकडे पडवीच्या काही जुन्या फायली आहेत. आता मॅक नाही. ढाब्यावर बिलं करायचा कॉम्प्युटर आहे, त्यात विंडोज आहे. पडवी त्यावर चालेल का, किंवा पुढे चालवायचा विचार आहे का? आई आश्विनात गेली, तिचा आवाज त्या फायलींत आहे. दिग्विजय, ताम्हिणी.' आणि त्याखाली, त्याच्या पत्रानंतर बरोबर एका मिनिटानं गेलेलं ते उत्तर: 'आपल्या आपुलकीबद्दल आभारी आहोत. पडवी फक्त मॅकवर चालते. दुसऱ्या प्रणालींसाठी ती काढण्याचा तूर्त विचार नाही. एकच काम, पण नीट. आपले, दिग्विजय आणि उज्वला.' ज्या पत्रात 'विंडोज' किंवा 'लिनक्स' हा शब्द असेल त्याला हे उत्तर आपोआप जायचं. ते लिहिलं होतं बारा वर्षांपूर्वी, दिग्विजयनंच. लिहिताना हसला होता, म्हणाला होता, रोज उठून तेच तेच कोण सांगत बसणार. ती सही बदलायचं उज्वलाच्या मनात अनेकदा आलं होतं, पण एक नाव खोडायला गेलं की दुसरं एकटंच उरतं, आणि ते बघवत नाही. म्हणून राहिलं. आता आई गेली सांगायला आलेल्या माणसाला त्याच्याच सहीनं त्याचंच वाक्य परत मिळालं होतं, आपुलकीबद्दल आभारासकट. तिनं कप खाली ठेवला. आधी तिला, लाज वाटावी अशी गोष्ट, हसू आलं. मग 'आई गेली' हे दोन शब्द डोक्यात शिरले आणि ती खुर्चीत बसली ती बसलीच.

पडवी म्हणजे आवाज मुद्रित करायचं सॉफ्टवेअर. फार मोठं नाही. भजनी मंडळं, ढोलपथकं, एकदोन छोटे स्टुडिओ, घरात बसून गाणी करणारी मुलं, मिळून चारेकशे लोक ते वापरायचे. नाव पडवी, कारण ते नांद्याला दिग्विजयच्या घराच्या, पत्रे ठोकून बंद केलेल्या पडवीत बसून लिहिलं होतं. पुढं अंगणात भाडेकरूंच्या नऊ खोल्या, पत्र्याच्या, हिंजवडीत कामाला जाणारी पोरं त्यांत राहायची. पलीकडे जे भाताचं खाचर होतं तिथं आधी खडीचे ढीग आले आणि मग सात मजले. लग्नाला तेव्हा वर्ष झालं होतं. दिग्विजय इंजिन लिहायचा, म्हणजे माइकमधून आलेला आवाज घेऊन फाइलीत ठेवणारा आतला भाग, आणि उज्वला वरचं सगळं लिहायची, पट्ट्या, बटणं, कापणं, जोडणं. तिच्या कापण्याचा तिला अजून अभिमान होता. पडवीत आवाज कापला तर सांधा कळायचा नाही, भल्याभल्या कानांना नाही. फाइलीचा साचा मात्र दिग्विजयचा, कुलूपबंद. पडवीत केलेली फाइल पडवीतच उघडायची. गिऱ्हाईक जाईल कुठं, असं तो म्हणाला होता. घ्या आता. तोच गिऱ्हाईक होऊन दारात उभा होता आणि किल्ली आत राहिली होती.

चाचणीला आवाज लागतो. दोघांनाही स्वतःचा आवाज ऐकवत नसे, म्हणून सगुणाबाईंना माइकसमोर बसवायचं ठरलं. दिग्विजयची आई. नऊवारी गुडघ्यात खोचून ती खुर्चीत अशी अवघडून बसायची की जणू कुणी तिचा फोटोच काढतोय. एक दोन तीन म्हणा म्हटलं तर म्हणायची, "यक दोन तीन कशापायी? शाळंत हाय का मी?" मग काहीही बोला म्हटलं की सुरू. भाडेकरूंनी संडासचा दिवा चालूच ठेवला, तीन नंबरच्या खोलीतल्या बिहारी पोराला गूळ-भाकरी आवडती, शेळी कुणाची कुटं शिरली. आणि मध्येच माइककडं वाकून, विहिरीत डोकावल्यासारखं, "आलं का गं? आलं का माझं?" त्या फायलींना नावं दिली होती सगुणा एक, सगुणा दोन, अशी. त्यांतली सगुणा सात त्या वाक्यानंच सुरू व्हायची, सगळे चढउतार पहिल्या चार सेकंदांत. इंजिन नीट चाललंय की नाही ते तेवढ्यात कळायचं. म्हणून ती नेमाची झाली. पुढं सगळं मोडलं, नांदं सुटलं, पुण्यात राहणं परवडेना, भाडं कमी म्हणून ती डोंगरातल्या या चौथ्या मजल्यावर आली जिथं बारा घरांत दोनच घरांचे दिवे लागत, पण सगुणा सात राहिली. काहीही बदल केला की फाइल उघडायची, बटण दाबायचं, आलं का गं, आलं का माझं, थांब. पुन्हा बदल, पुन्हा आलं का गं. कधी दिवसाला चाळीस वेळा. अकरा वर्षांत या घरात उज्वलाला हाक मारणारा दुसरा आवाज नव्हता, आणि हे तिला आज, पहिल्यांदाच, कळत होतं. आश्विनात गेली म्हणजे दिवाळीच्या आधी. म्हणजे निदान महिनाभर ती गेलेल्या बाईला दिवसातून चाळीस वेळा विचारायला लावत होती, आलं का, आणि एकदाही आलं म्हणाली नव्हती.

कळवायचं कोण? घटस्फोट झालेल्या सुनेला सुतकाचा फोन कुणी करत नाही, तशी रीतच नाही. दिग्विजयकडं तिचा नवा नंबर नव्हता. तिच्याकडं त्याचा होता, कारण तो बदलतच नसे. त्याच्याविषयी तिला एवढंच ठाऊक होतं की भावानं जमीन विकल्यावर तो हिस्सा घेऊन ताम्हिणीत गेला आणि ढाबा टाकला. तेही एका ढोलवाल्या गिऱ्हाइकानं सांगितलेलं: तुमच्या पडवीवर नाव असलेले साहेब आम्हाला पिठलं वाढत होते, मॅडम. तेव्हा ती दिवसभर चिडचिडली होती. इतकं चांगलं इंजिन लिहिणारा माणूस पिठलं वाढतो म्हणजे काय!

तसं काम दोन मिनिटांचं होतं. फाइल उघडायची, कुठंही वाजेल अशा साध्या फाइलीत उतरवायची, धाडायची. त्यासाठी विंडोजची पडवी लागत नव्हती. पण तिचा हात पुढं जाईना. तिनं उगाच इंजिनाचा कोड उघडला. बारा हजार ओळी, आणि त्यांत जागोजागी दिग्विजयचे शेरे. 'इथे हात लावू नकोस, मी उद्या बघतो.' 'उज्वला, हे का चालतं मला माहीत नाही, पण चालतं.' 'भूक लागली.' एके ठिकाणी नुसतं 'आज तू सुंदर दिसतेस, हे वाचशील तेव्हा सांग.' तिनं ते कधीच सांगितलं नव्हतं, कारण वाचलं तेव्हा ती नांद्याहून निघून आलेली होती. लोक वर्षानुवर्षं विचारत होते, विंडोजवर कधी, लिनक्सवर कधी, आमच्या मंडळाकडं एवढा महागाचा मॅक नाही हो ताई. ती म्हणायची, एकच काम, पण नीट. सभांमधून म्हणायची, मुलाखतीत म्हणाली, लोकांनी टाळ्याही वाजवल्या. खोटं होतं ते. खरं कारण असं की दुसरीकडं न्यायचं तर इंजिन मुळापासून नवं लिहावं लागणार आणि या बारा हजार ओळी पुसाव्या लागणार. कसलं तत्त्व अन् कसलं काय! एका बाईला एका माणसाचे शेरे पुसायचे नव्हते म्हणून चारशे लोकांचे आवाज एकाच खोलीत कोंडून ठेवले होते. उद्या ही बाई गाडीखाली आली तर मॅक पुढं जाईल, पडवी मागं राहील, आणि कुणाच्या आजीची, कुणाच्या बापाची फाइल मुकी होईल. त्यांतली एक आजच झाली होती. हे कळायला तिला अकरा वर्षं लागली, आणि स्वतःला ती हुशार समजत होती.

शेवटी तिनं सगुणा सात उघडली. आवाजाची पट्टी पडद्यावर आडवी पसरली आणि नेहमीसारखी कोपऱ्यात लांबी दिसली: अकरा मिनिटं नऊ सेकंद. ही लांबी तिनं हजारो वेळा पाहिली होती. बटण बंद करायचं राहिलं असेल, एवढंच तिनं कधीतरी गृहीत धरलं होतं, कारण चार सेकंदांपुढं तिचं कामच नसे. आज तिनं कानावर हेडफोन चढवले आणि थांबचं बटण दाबलं नाही. "आलं का गं? आलं का माझं?" आणि मग तिचा स्वतःचा आवाज, तरुण, घाईतला: "आलं, आलं. आई, आम्ही येईपर्यंत हलू नका हं, खुर्ची वाजते." म्हणजे तेव्हा म्हणाली होती ती, आलं. तिला केवढं बरं वाटलं. दार वाजलं. पावलं अंगणात गेली. पंख्याची घरघर, लांब एक ट्रक, आणि मग पत्र्याच्या भिंतीपलीकडून दोन आवाज, आधी पुसट, मग चढत गेलेले. तिला शब्द कळायच्या आधी दिवस कळला. दोघं घेणार होते तो बावधनचा फ्लॅट. तिथं कोण कोण राहणार यावरून झालेलं ते भांडण. तिला आठवत होतं तसं त्या भांडणात दिग्विजय ओरडला होता आणि ती रडली होती. अकरा वर्षं ती तेच सांगत आली होती, आईबापांना, वकिलाला, स्वतःला. फाइलीत दिग्विजय ओरडत नव्हता. तो म्हणत होता, "हळू बोल, आई आत बसलीय." आणि ती म्हणत होती, स्वच्छ, खणखणीत, माइक चांगलाच होता, "ऐकू दे की! ऐकू दे एकदा. तिथं मला तुझी आई नकोय. दिवसभर नुसती तोंडाकडं बघत बसते, मला गुदमरायला होतं." मग ती आणखी बोलत होती, बरंच. खोलीत मात्र काहीच हललं नाही. खुर्ची वाजली नाही. एकदा बांगडी किणकिणली, ती हातानं धरून बंद केल्यासारखी चटकन थांबली. आणि मग अगदी जवळून, माइकच्या कानात सांगावं तसं, सगुणाबाई म्हणाली, "मी हाय हितं. हलले न्हाई."

उज्वलानं हेडफोन काढून फेकले. चार मिनिटं झाली होती.

ऐकलं होतं तर तिनं. सगळं. आणि त्यानंतर सहा महिने ती त्या घरात होती, आणि सगुणाबाई तिला रोज विचारायची, जेवलीस का, भात वाढू का. निघाली त्या दिवशी तांदळाची पिशवी रिक्षात ठेवत म्हणाली होती, "इंद्रायणी हाय, पानी बेतानं घाल. खात जा नीट." उज्वलाला तेव्हा वाटलं होतं, साधी बाई, तिला काही कळत नाही. हे असं वाटलेलं आठवून ती खोलीत फेऱ्या मारू लागली. मग तिनं जे केलं ते कामाच्या सवयीनं केलं. बसली आणि कापायला लागली. भांडण काढलं, ट्रक काढला, बांगडी काढली, 'हलले न्हाई' काढलं. सगुणा दोनमधली संडासच्या दिव्याची तक्रार घेतली, चारमधली शेळी घेतली, गूळ-भाकरी घेतली, सगळं जोडून तीन मिनिटांची छान फाइल केली. सांधा कुठंच कळत नव्हता. मुलानं ऐकावी अशी हसरी आई. दिग्विजयला हेच हवं असणार, नाही का? गेलेल्या आईचा आवाज मागणाऱ्याला कुणी भांडण धाडतं का? आणि सगुणा सातची मूळ फाइल त्याच्याकडं असली म्हणून काय झालं, ती विंडोजवर उघडतच नाही. कधी उघडणारही नाही, तिनं ठरवलं तर. हे तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःची किळस आली. पडवी दुसरीकडं न नेण्याचं हे आणखी एक कारण तिला दहा मिनिटांत सापडलं होतं.

दार वाजलं. कुशाबा, इमारतीचा वॉचमन, खांद्यावर घोंगडी, पायऱ्या चढून धापा टाकत. वरच्या वाडीतला माणूस. पोरं मेंढरं घेऊन कोकणात उतरलेली, हा गुडघ्यांमुळं मागं राहून नोकरी करणारा. "म्याडम, टाकीत पानी न्हाई आज. मोटार जळली. बादली भरून ठिवू का?" ती हो म्हणाली. तो तिच्या तोंडाकडं बघत राहिला. "रडलाय का तुमी?" इथली माणसं असं तोंडावर विचारतात, पुण्यात कुणी विचारलं नसतं. "सासू गेली माझी," उज्वला म्हणाली, आणि हा शब्द आपण अकरा वर्षांनी उच्चारला हे तिला ऐकू आलं. "आरं द्येवा. कवा?" "महिना झाला." "आन् आज सांगावा आला?" तो हळहळला, मग म्हणाला, "लई चांगली व्हती का?" तिला पटकन हो म्हणता येईना. ती म्हणाली, "चांगली होती. मीच तिला वाईट बोलले होते. आता ते तिच्या मुलाला कळू द्यावं की नाही, ते बघतेय." कुशाबानं घोंगडी सारखी केली. "कळू द्यावं न्हाई म्हंजी? त्यो काय तितं नव्हता का तवा?" होता, ती म्हणाली. "मग त्येला ठावं हाय की! तुमी कुनापासनं लपिवताय?" असं म्हणून तो बादली घेऊन खाली गेला आणि जाताना दुसऱ्या मजल्यापर्यंत मोटारीला शिव्या देत होता.

होता की तो तिथं. 'हळू बोल' म्हणणारा तोच होता. गेली अकरा वर्षं दिग्विजयला ठाऊक होतं, आईला ठाऊक होतं, कदाचित नऊ खोल्यांतल्या भाडेकरूंनाही, आणि न ऐकलेली एकटी उज्वला होती, जिच्याकडं फाइल होती आणि उघडायची किल्लीही. तिनं ती छान फाइल पुसली. मग फोन उचलला आणि विचार करायला वेळ मिळायच्या आत लावला.

"हॅलो, बोला, किती माणसं?" मागं भांड्यांचा आवाज, कांदा तेलात पडल्याचा आवाज. रविवार म्हणजे घाटात पुण्याच्या गाड्यांची गर्दी. "उज्वला बोलतेय." भांडी मागं पडत गेली. मग तो चालत बाहेर आला असावा, वारा ऐकू आला. "उत्तर मिळालं मला सकाळी," तो म्हणाला. "माझंच." ती म्हणाली, "मला माफ कर. ते यंत्रानं—" "अगं ठाऊक आहे मला, मीच बसवलंय ना ते. हसलो मी." तो खरंच हसला असेल असं तिला वाटलं. ती म्हणाली, "मी काढतेय विंडोजसाठी. लिनक्ससाठीसुद्धा. फाइलीचं कुलूपही काढून टाकणार, कुणालाही कशातही उघडता येईल. वर्ष जाईल. इंजिन नव्यानं लिहावं लागेल सगळं." "लागंलच की." "तुझं काही राहणार नाही त्यात, दिग्विजय." "काढून टाक. तसंबी लई वाईट लिहिलंय ते, मलाच कळायचं नाही. आणि माझ्यासाठी नको करूस. लोकांसाठी कर." मग हळूच, "आईचं आहे का गं तुझ्यासमोर?" आहे, ती म्हणाली, साध्या फाइलीत आत्ता धाडते. "धाड नंतर. इथं रेंज येती-जाती. आता लाव. फोनवरच लाव."

"सगुणा सात आहे," उज्वला म्हणाली. "पूर्ण आहे. त्या दिवशीचं आहे त्यात. मी बोलले ते." तो म्हणाला, "लाव." तिनं हेडफोनची तार काढली, स्पीकर चालू केला, फोन त्याच्यापुढं धरला आणि बटण दाबलं. आलं का गं, आलं का माझं. फोनमधून एक आवाज आला, हुंदका की खोकला ते कळेना. आलं, आलं. दार. ट्रक. मग अंगणातले ते दोघं, तरुण, एकमेकांचं काही न ऐकणारे, आणि दोन फोनांच्या दोन टोकांना तेच दोघं, चाळिशी उलटलेले, गप्प बसून ऐकणारे. 'ऐकू दे की' आलं तेव्हा उज्वलानं डोळे मिटले. ढाब्यावर कुणीतरी "शेठ, दोन पिठलं" म्हणून हाक मारली, त्यानं ओ दिली नाही. "मी हाय हितं. हलले न्हाई." मग पंखा. नुसता पंखा आणि अगदी बारीक, कान दिला तरच कळणारा श्वास. उज्वलानं इथपर्यंतच ऐकलं होतं, पुढचं तिलाही नवं होतं. एक मिनिट गेलं. पट्टीवर काहीच उठत नव्हतं, सरळ रेघ चालली होती. बोलणार नाही आता काही, तिला वाटलं, आणि तिचं बोट थांबच्या बटणावर गेलं.

"दिग्विजय, यापुढं काही नाही बहुतेक. बंद करू?"

"नको," तो म्हणाला. "आई बसलीय अजून."

तिनं बोट बटणावरून काढलं. पट्टीवर सहा मिनिटं उरली होती.